पन्नासच्या लयीतला मारियो

सांगलीत हरभट रोडच्या एका बोळात मोबाईलचं सामान विकणारं छोटं दुकान आहे. तिथून मी गेल्या महिन्यात टीव्हीला लावायचा गेम आणला. किंमत १,८५० रुपये. बोटभर लांबीची काळी कांडी, ती टीव्हीच्या मागे एचडीएमआयच्या भोकात बसते. सोबत दोन बिनवायरचे रिमोट, एक यूएसबीची वायर आणि आत बसवलेलं मेमरी कार्ड. डब्यावर २०,००० गेम असं छापलंय, बनवणाऱ्याचं नाव मात्र कुठंच नाही. मला त्यातला एकच गेम हवा होता, सुपर मारियो ब्रदर्स, आणि त्यातही सगळ्यात आधी त्याची धून. म्हणून खाली जे लिहितोय ते त्या धुनेबद्दलच जास्त आहे. बाकीच्या गेमसाठी कुणाला घ्यायचा असेल तर त्याचंही शेवटाकडे थोडं सांगितलंय.

माझं काम काय ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. मी मिरजेत तंबोरे आणि सतारी करणाऱ्या कारखान्यात जवारी लावतो. घराणं आमचं सतारमेकरांचं नाही. वडील एसटीत कंडक्टर होते, मी दहावीनंतर उस्तादांकडे शिकायला बसलो आणि तिथलाच झालो. जवारी म्हणजे काय, तर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा वरून सपाट दिसतो, पण तो किंचित उतरता असतो. तार त्या उतारावर घासत थरथरते आणि एका सुरातून अनेक सूर उमटतात. कानशीचा एक हात इकडे-तिकडे झाला की आवाज उघडतो किंवा मिटतो. गिऱ्हाईक सांगतं, "जरा खुली ठेवा," किंवा "बंद पाहिजे, गोल आवाज." तोच सूर, तीच तार, आणि तरी दोन वेगळी वाद्यं वाटावीत इतका फरक. दिवसभर कान त्याच फरकावर ठेवून बसायचं, हाच माझा धंदा.

आता गेमचं. १९९४ च्या उन्हाळ्यात वडिलांनी कोल्हापूरहून टीव्ही गेम आणला होता. पांढऱ्या-लाल रंगाचा डबा, वर कॅसेट खुपसायची फट. कॅसेट पिवळी. लागली नाही की काढून फुंकर मारायची आणि परत घालायची. टीव्हीचं चॅनेल जुळवायला बारीक चक्री फिरवावी लागे, आणि बऱ्याचदा चित्राच्या आधी धूनच यायची. मुंग्या आलेल्या पडद्यामागून ते पहिले सूर ऐकू आले की ताई स्वयंपाकघरातून पळत यायची. खेळायची तीच जास्त, मी बघायचो आणि ऐकायचो. घड्याळातली वेळ १०० च्या खाली उतरली की धून एकदम घाईला येते, तेव्हा ताई बसल्या जागेवरून उठून उभी राहायची आणि उभ्यानंच खेळायची. आई म्हणायची, "बसून खेळ की गं, पडशील टीव्हीवर." ती काही बसायची नाही.

ताईचं लग्न झालं, ती सांगलीत गावभागात गेली. भाच्यांसाठी म्हणून गेमही तिच्याकडे गेला. २०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णेचा महापूर आठवत असेल. गावभागात खालचे मजले पाण्यात होते. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल काढायला गेलो, तेव्हा तो डबा जिन्याखाली सापडला. ताईनं धुतला, गच्चीवर वाळवला, पण तो परत बोलला नाही. त्यानंतर गेली काही वर्षं ती अधूनमधून म्हणायची, "तसला मिळतो का बघ की कुठं." म्हणून ही खरेदी.

ज्यांनी फक्त कानावरून ही धून ओळखली आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. मारियोचा हा गेम जपानमध्ये सप्टेंबर १९८५ ला आला. संगीत कोजी कोन्दो यांचं. त्यांचा जन्म १९६१ चा, नागोयाचा. १९८४ मध्ये हा गेम काढणाऱ्या निंटेन्डो कंपनीत लागले, म्हणजे धून केली तेव्हा वय जेमतेम चोवीस. आधी त्यांनी रमतगमत चालणाऱ्या माणसाला शोभेल अशी चाल केली होती. गेम पुढे सरकला, मारियो पळायला आणि उड्या मारायला लागला, तशी ती चाल त्याच्या अंगाला बसेना, म्हणून त्यांनी नवी केली. पुढच्या चाळीस वर्षांत या मालिकेचे कितीतरी गेम आले, आणि ही धून कुठल्या ना कुठल्या रूपात परत येत राहिली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत तिला घेतलं. त्या यादीत गेलेलं हे पहिलं गेमचं संगीत. पुढच्याच वर्षी, २०२४ ला, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. या दोन बातम्या मी मनात शेजारी शेजारी ठेवल्या आहेत.

आता धून स्वरांत मांडतो. पेटीची पांढरी एक सा धरा. सुरुवातीचे सात सूर: ग ग, ग, सा ग, प, आणि मग खाली मंद्र प. या गंधारांच्या खाली साथीला तीव्र मध्यम आणि रिषभ वाजतो. म्हणजे पहिल्या ठोक्यालाच सूर अधांतरी ठेवलाय, आणि तो पंचमावर येऊन टेकतो. मग मुख्य ओळ: वरच्या सा वरून प, ग अशी उतरते, ध, नि करत वर जाते आणि लगेच कोमल नि घेऊन परत ध वर येते. दोन्ही निषाद लागोपाठ. लहानपणी मला ते नुसतं गोड वाटायचं. उस्तादांकडे बसल्यावर कळलं की गोडवा तिथंच ठेवलाय. पुढच्या ओळीत तर वरचा प, तीव्र म, शुद्ध म, कोमल ग आणि लगेच शुद्ध ग. जिन्याच्या पायऱ्या उतरताना शेवटची चुकावी आणि पाय अलगद परत वर यावा तसं. खमाज म्हणावं तर खमाज नाही, कुठल्याच रागात ती मावत नाही. पण गाणाऱ्याला विचारा, गळ्यात लगेच बसते. मी कानस चालवताना हीच ओळ गुणगुणायचो. उस्ताद एकदा म्हणाले, "काय रे, ये कहाँ की चीज है?" मी टीव्ही गेमची म्हणून सांगितलं. ते ऐकून त्यांनी तंबोरा खाली ठेवला आणि ती ओळ दोनदा म्हणवून घेतली.

हे सगळं फॅमिकॉममध्ये, म्हणजे ज्या मूळ जपानी यंत्रावर हा गेम आला त्यात, होतं कशात, तर चार आवाजांत. दोन चौकोनी लहरींचे, त्यावर धून आणि तिची जोड. एक त्रिकोणी लहरीचा, तो खर्ज. त्याला लहान-मोठं करता येत नाही, एक तर वाजतो नाहीतर गप्प बसतो. आणि एक नुसत्या खरखरीचा, त्यावर ताल. मारियोनं उडी मारली की यातलाच एक आवाज उडीसाठी उसना घेतला जातो आणि तेवढ्यापुरती साथीची एक बाजू गळते. लक्ष देऊन ऐका, सापडेल. सगळा गेम, संगीतासकट, ४० किलोबाइटचा. सकाळी मोबाईलवर येणारा फुलांचा एक फोटो याच्यापेक्षा मोठा असतो.

तर रविवारी दुपारी मी कांडी घरच्या टीव्हीला लावली. मेनूतून मारियो शोधला, एकाच गेमची नावं बदलून चार-चार वेळा घातली आहेत म्हणून वेळ लागला. बटण दाबलं. आणि पहिल्या सात सुरांतच मला कळलं की हे ते नाही.

स्वर सगळे बरोबर. पण लय चढी. आणि आवाज मिटलेला, गोल, आतून पोकळ. आमच्या घरातल्या मारियोला एक नाकातली धार होती, खुल्या जवारीसारखी. ही बंद जवारी होती. मी परत परत लावून बघितलं. टीव्हीचा आवाज कमी-जास्त केला, बाहेरचा स्पीकर जोडला. त्याचा एक फायदा झाला, टीव्हीच्या बारीक स्पीकरमधून जाणारा खर्ज पूर्ण ऐकू आला. पण धार काही आली नाही. माझी खात्री झाली की माल खराब आहे.

सोमवारी कारखान्यातून सुटून सांगलीची बस धरली. दुकानातला पोरगा वीस-बावीसचा असेल. मी सांगितलं, "ह्यातली धून पळतीय, आणि आवाज बसलाय." दुसरा कुणी असता तर उडवून लावलं असतं. त्यानं दुकानातल्या टीव्हीला कांडी लावली, शांतपणे ऐकली, मग मोबाईलवर एका जपानी खऱ्या फॅमिकॉमवरचं रेकॉर्डिंग काढून शेजारी धरलं. दोन्ही एकसारखं. लय तीच, आवाज तोच.

"काका, ही बरोबर वाजतीय," तो म्हणाला. "तुमचा जुना चुकीचा होता."

त्या रात्री परतीच्या बसमध्ये मला काही सुचत नव्हतं. पंचवीस-तीस वर्षं जो सूर मी मनात धरून ठेवला, तो मुळातला नव्हता तर कुणाचा होता?

पुढचा आठवडाभर मी हेच शोधत होतो आणि जे हाती लागलं ते इथं लिहितो, कारण माझ्या वयाच्या कितीतरी लोकांचं हेच झालं असणार. या गेमचं संगीत पडद्याच्या गतीला बांधलेलं आहे. पडदा एकदा नव्यानं रंगला की धून एक पाऊल पुढे. जपान-अमेरिकेतले, एनटीएससी पद्धतीचे टीव्ही सेकंदाला ६० वेळा रंगायचे. आपल्याकडचे, पाल पद्धतीचे, ५० वेळा. तिकडचा गेम जसाच्या तसा नकली कॅसेटमध्ये भरून आपल्याकडच्या ५० च्या डब्यात घातला, तर साठ पावलांच्या जागी पन्नासच पडणार. सहाला पाच. जे तिकडे पाच मिनिटांत व्हायचं त्याला आपल्याकडे सहा लागायची. मात्रांत सांगायचं तर तिकडे मिनिटाला २०० च्या आसपास, आपल्याकडे १६७ च्या आसपास.

मला वाटलं होतं, लय उतरली तर सूरही उतरायला हवा, टेपरेकॉर्डरची बॅटरी संपत आली की होतं तसा. पण इथं पावलं टाकणारा वेगळा आणि सूर काढणारा वेगळा. त्या नकली चिपचा सूर मूळपेक्षा अगदी केसभर खाली होता, खुंटी न फिरवता नुसत्या तारेतल्या मण्यानं सावरता येईल एवढाच. म्हणून कुणाला संशय आला नाही. मारियोही तेवढाच सावकाश पळायचा, घड्याळही तेवढंच सावकाश उतरायचं. घरात सगळ्यांचीच लय एक असल्यावर संथ आहे हे कळणार कुणाला?

आणि ती धार? ती तर माझ्याच धंद्यातली गोष्ट निघाली. चौकोनी लहरीत उंचवटा किती आणि खोलगट किती याचं प्रमाण ठरवता येतं. निम्मं-निम्मं ठेवलं की आवाजात पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआडचेच अंश, म्हणजे मूळ सुराच्या पोटातून उमटणारे वरचे सूर, येतात आणि तो पोकळ, गोल लागतो. उंचवटा पाव ठेवला की दुसराही येतो, तिसराही येतो, चौथा तेवढा गळतो, आणि आवाज उघडतो, नाकात जातो. कोन्दोंनी धून निम्म्यावर ठेवली होती. आपल्याकडे आलेल्या त्या डब्यांत वापरायच्या बऱ्याच नकली चिपांमध्ये निम्मा आणि पाव यांची अदलाबदल झालेली असायची. कारखान्यातच कुणीतरी दोन जोड उलटे केले असणार, आणि जगातल्या कितीतरी पोरांच्या कानात खुल्या जवारीचा मारियो गेला. कानशीचा एक हात कमी-जास्त, इतकंच. हे वाचलं त्या दिवशी मी हातातली घोडी बाजूला ठेवून बराच वेळ बसलो होतो. लहानपणी न कळता जे मनात बसलं होतं, पुढं तेच ओळखण्याचं काम मी पोटासाठी धरलं.

पुढच्या शनिवारी परत दुकानात गेलो. परत करायला नव्हे, फक्त पोराला सांगायला. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "थांबा काका, ह्यात असतंय ते." रिमोटवरची दोन बटणं एकत्र दाबून त्यानं मेनूच्या मागचा मेनू उघडला. तिथं रीजन म्हणून एक ओळ आहे. तिच्यात ऑटो, एनटीएससी, पाल आणि डेंडी असे पर्याय. डेंडी हे नाव रशियात १९९२ पासून विकल्या गेलेल्या नकली फॅमिकॉमचं. आपल्याकडचे डबे त्याच जातीचे. तो पर्याय लावला. त्याच्याच खाली थोडं पुढं आणखी एक ओळ, स्वॅप ड्यूटी सायकल्स. म्हणजे तीच निम्मा-पावची अदलाबदल. ज्यांनी ही सोय लिहिली त्यांच्याही घरी असला डबा असणार. पोरानं तीही चालू केली आणि गेम लावला.

ग ग, ग, सा ग, प. आणि खालचा प.

हरभट रोडवर संध्याकाळची गर्दी, बाहेर रिक्षांचे हॉर्न, आणि आत आमच्या मिरजेच्या घरातली १९९४ ची दुपार. मी काउंटर धरून उभा राहिलो. पोरगा काही बोलला नाही, त्यानं फक्त आवाज थोडा वाढवला.

तिथून थेट गावभागात ताईकडे गेलो. काही न सांगता कांडी लावली. ती भाजी निवडत होती. धून सुरू झाल्यावर मान वर न करता म्हणाली, "हां, हा आपला." मग मी मेनूत जाऊन दोन्ही गोष्टी बंद करून दाखवल्या, जपानी लय लावली. म्हणाली, "हा कुणाचा तरी दुसऱ्याचा वाटतो." पुन्हा आपला लावला आणि रिमोट तिच्या हातात दिला. एका टप्प्यावर वेळ १०० च्या खाली गेली, इशाऱ्याचे सूर वाजले आणि धून दीडपट झाली. नीट दीडपट, आपण तबल्यावर आड लय म्हणतो ती. ताई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि उभ्यानं खेळायला लागली. गुडघे दुखतात तिचे हल्ली. तरी संपेपर्यंत बसली नाही.

घेणाऱ्यांसाठी बाकीचं. डेंडी लावल्यावर पडदा बाजूला सरकताना बारीक हिसका बसतो, कारण टीव्ही ६० नं रंगतो आणि गेम ५० नं चालतो. माझं लक्ष कानाकडे असल्यानं मला चालतं, डोळ्यांना खुपू शकेल. टीव्हीत गेम मोड असेल तर तो चालू करा, नाहीतर बटण आणि उडी यांत अंतर पडतं. कांडीची वायर टीव्हीच्याच यूएसबीला लावली तर स्पीकरमधून गुणगुण येते, मोबाईलच्या चार्जरला लावली की जाते. रिमोटला पेन्सिल सेल लागतात, डब्यात येत नाहीत. डाव्या बाजूची बाणाची बटणं कडक आहेत, एका रिमोटचं खालचं बटण मला आठ दिवसांत बदलून घ्यावं लागलं. ते दुकानानं पैसे न घेता बदलून दिलं. २०,००० गेमवर विश्वास ठेवू नका, वेगळे मोजले तर त्याच्या कितीतरी कमी निघतील. आणि हे सगळे परवानगीविना भरलेले आहेत. आपल्याकडचे ते जुने डबे आणि कॅसेटीही तशाच होत्या. कोन्दोंची धून मी आयुष्यभर ऐकली आणि त्याचे पैसे त्यांच्याकडे कधी पोचले नाहीत, हे मला खरंच लागतं.

दुकानाला मात्र पूर्ण गुण. ज्यानं गिऱ्हाइकाच्या तक्रारीत आधी कान दिला आणि मग तोंड उघडलं, असा दुकानदार फार दिवसांनी भेटला. मी त्याला म्हटलं, या दोन सेटिंगची चिठ्ठी प्रत्येक डब्यात घाल. तो म्हणाला, तुम्हीच लिहून द्या, मी झेरॉक्स काढतो. मग त्याच्या बिलबुकाच्या मागच्या पानावर मी लिहून दिलं: "लहानपणीचा मारियो हवा असेल तर रीजन डेंडी करा आणि स्वॅप ड्यूटी सायकल्स चालू करा. जपानचा हवा असेल तर काहीही करू नका." आता त्याच्याकडून जे डबे जातात त्यात ही चिठ्ठी असते.